शून्य रुग्णांचा तालुका

ठिपका हिरवा निघाला आणि बैठकीतल्या सगळ्यांनी एकदम चहाचे कप उचलले.

हिरणगाव तालुक्यात लग्नाची बैठक आता अशीच व्हायची. आधी मानपानाची यादी कागदावर उतरायची, दोन्हीकडच्या थोरांच्या सह्या व्हायच्या, आणि कुंकू लावायच्या आधी कुणीतरी फोन पुढे करून म्हणायचं, चला, ठिपके बघून घेऊ. पूर्वी लोक पत्रिका बघायचे आणि नाडी एक निघाली म्हणून सोन्यासारखी स्थळं मोडायचे. त्यापेक्षा हे शास्त्रीय, असं सगळे मानत. शास्त्रीय म्हटलं की आपल्याकडे पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही.

"विहीणबाई, तुम्हीच बघा की. तुमचं रोजचंच काम हाय," मुलाची आई छायाताई म्हणाल्या आणि त्यांनी फोन उज्ज्वलाच्या हातात दिला.

ते खरंच होतं. उज्ज्वला तोडकर हिरणगावच्या ग्रामीण रुग्णालयात प्रयोगशाळेची तंत्रज्ञ होती, आणि एकवीस वर्षांत तालुक्यातल्या निम्म्या माणसांचं रक्त तिच्या सुईतून गेलं होतं. अभिराजनं शर्टाची बाही वर सारली. पोरगा देखणा होता, पवनचक्क्यांच्या कंपनीत होता, दोरांना लटकून पाती दुरुस्त करायचा आणि वर्षातले सात महिने कच्छच्या साइटवर असायचा. दंडाच्या आतल्या बाजूला, फोनच्या जांभळट उजेडात, मुगाच्या दाण्याएवढा ठिपका हिरवागार दिसला. मग ईश्वरीचा दंड पुढे आला. उज्ज्वलाची एकुलती एक लेक, नवऱ्याच्या माघारी एकटीनं वाढवलेली. तिचाही हिरवा.

तो ठिपका नेमकं काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे त्या खोलीत फक्त उज्ज्वलाला ठाऊक होतं. तिनं ते बोलायला हवं होतं. पण भरल्या बैठकीत, होणाऱ्या जावयाचा दंड हातात धरून, कोणती आई असलं काही काढेल? "दोन्ही हिरवे," ती म्हणाली आणि तिनंही कप उचलला.

ठिपक्याची गोष्ट अशी होती. सरकारी मोहिमेचं नाव होतं 'कवच'. आगपेटीच्या काडीएवढी एक कांडी दंडाच्या कातडीखाली सरकवायची, तिच्यातलं औषध दोन वर्षं जरा जरा करून रक्तात उतरत राहायचं. एचआयव्हीचा विषाणू स्वतःची जनुकं एका वेष्टनात बांधून आपल्या पेशीत शिरतो. हे औषध त्या वेष्टनाला असं काही चिकटून बसायचं, की ते धड उघडायचंही नाही आणि नव्यानं धड बांधलंही जायचं नाही. विषाणूचं काम तिथेच संपायचं. कांडीच्या टोकाला एक रंग भरलेला होता. आत औषध पुरेसं असेतोवर तो फोनच्या उजेडात हिरवा दिसायचा, संपत आलं की राखाडी. पाण्याच्या टाकीला बाहेरून काचेची नळी लावतात आणि आत किती पाणी आहे ते बघतात, तसलाच हा प्रकार. टाकीतल्या पाण्यात दुसरं काय काय पडलंय ते नळी सांगत नाही.

उज्ज्वलानं या कवचासाठी जिवाचं रान केलं होतं, आणि त्याला कारण होतं. तिचा थोरला भाऊ सतीश ट्रक चालवायचा. ती दहावीत असताना तो एड्सनं गेला. घरात त्याचं ताट वेगळं ठेवलेलं असायचं आणि ते धुवायचं काम तिच्याकडे होतं. ती ते लांबूनच, बादलीनं पाणी ओतून धुवायची. तो ओट्यावर बसून बघत असायचा. पुढे ती शिकली, एचआयव्ही ताटावरून पसरत नाही हे तिला कळलं, आणि तोवर भाऊ नव्हता. त्यामुळे दोन हजार सदतीस साली कवच आलं तेव्हा ती ढाब्याढाब्यावर गेली, ऊसतोड कामगारांच्या तळावर गेली, कॉलेजांत गेली. तीन वर्षांत तालुक्यातल्या चौऱ्याण्णव टक्के प्रौढांच्या दंडात कांडी बसली आणि एचआयव्हीचा नवा रुग्ण म्हणून मिळेना. एवढी मोठी गोष्ट झाली होती, आणि ती खोटी नव्हती. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून लोक कवचालाच शिव्या देतील.

खोट होती ती भोवतालच्या माणसांत. कवच आलं तसा ढाब्यांवरचा निरोधचा पुरवठा बंद झाला. नाक्यावरच्या हॉटेलवाल्यानं निरोधच्या रिकाम्या डब्यात दात कोरायच्या काड्या ठेवल्या. मग गरोदर बायकांची दुहेरी पट्टी बंद झाली. ही पट्टी फार कामाची होती. बोटातून रक्ताचा एक थेंब घ्यायचा, पट्टीवर सोडायचा, आणि पंधरा मिनिटांत दोन आजार कळायचे, एचआयव्ही आणि उपदंश. पण पट्टी यायची ती एचआयव्हीच्या खात्यातून. आता बाईचा ठिपका हिरवा असेल तर एचआयव्ही तपासायचं कारण उरलं नाही, म्हणून त्या खात्यानं पट्टी मागवणं थांबवलं. उपदंश कुणाच्या खात्यात येतो यावर दोन बैठका झाल्या म्हणतात. तिसरी झाली नाही.

पट्टी बंद झाली तरी महिन्याचा अहवाल बंद झाला नव्हता. ॲपवर 'गरोदर स्त्रिया : उपदंशाचे रुग्ण' असा रकाना होता, आणि तो मोकळा सोडला की अहवाल पुढेच सरकायचा नाही. पहिल्या महिन्यात उज्ज्वलानं जिल्ह्याला फोन केला.

"तपासणीच होत नाही, तर यात काय लिहू?"

"शून्य टाका मॅडम, म्हणजे पुढे जाईल," पलीकडचा माणूस म्हणाला.

तिनं शून्य टाकलं आणि अहवाल पुढे गेला. पुढच्या महिन्यात तिनं फोन केला नाही. अशी बावीस शून्यं झाली. मग जिल्ह्याच्या सभागृहात समारंभ झाला, हिरणगाव 'उपदंशमुक्त तालुका' म्हणून जाहीर झाला, आणि उज्ज्वलानं नवी साडी नेसून व्यासपीठावर जाऊन प्रमाणपत्र घेतलं. रुग्णालयाचे अधीक्षक डॉ. मुजावर तिच्या शेजारी उभे होते. दोघांनाही ते शून्य कसलं आहे हे माहीत होतं. दोघंही मूग गिळून फोटोत हसले.

लग्न झालं. ईश्वरी बेलवड्याला सासरी गेली. पहिल्या दिवाळीनंतर तिला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात ती तपासायला आईकडेच आली. हिमोग्लोबिन झालं, साखर झाली, थायरॉइड झालं.

"अजून काही करायचं राहिलंय का गं आई?" बाही खाली करत तिनं विचारलं.

उज्ज्वलाच्या मनात क्षणभर ती बंद पडलेली तपासणी येऊन गेली. जिल्ह्याला नमुना पाठवला असता तर चार दिवसांत काम झालं असतं. पण कागदावर लेकीचं नाव आणि त्यापुढे त्या आजाराचं नाव लिहायचं, आणि ते छायाताईंच्या कानावर गेलं तर? विहीणबाई म्हणतील, आमच्या घरावर संशय घेते. "सगळं झालं," ती म्हणाली आणि नळ्या स्टँडमध्ये लावायला वळली.

सातव्यात बेलवड्याला डोहाळजेवण झालं. ईश्वरी हिरवी साडी नेसून, फुलांची वाडी भरून झोपाळ्यावर बसली आणि तिच्या दोन्ही हातांवर मनगटापर्यंत मेंदी काढली गेली. अभिराज रजा काढून आला होता. पंधरा दिवसांनी ती माहेरी आली तेव्हा मेंदी बरीच उतरली होती आणि तळहातांवर तांबूस-तपकिरी डाग होते, मसुराएवढे.

"मेंदीत केमिकल असणार. सासूबाई खोबरेल लाव म्हणाल्या," ईश्वरी सांगत होती. "खाजत नाहीत म्हणून मी पण दुर्लक्ष केलं."

"पाय बघू."

"आता पायाला काय झालंय?"

"दाखव."

तळपायांवरही तेच होते. पायांना मेंदी काढलेली नव्हती. असे डाग तिनं पुस्तकात पाहिले होते आणि एकदा, एकोणीस वर्षांपूर्वी, एका माणसाच्या हातांवर.

उपदंश हा कवचाच्या कक्षेतला आजारच नव्हे. तो विषाणू नाही. तो जिवाणू, बूच काढायच्या स्क्रूसारखा पिळदार, आणि दंडातल्या कांडीशी त्याला काही देणंघेणं नाही. शरीरसंबंधातून शिरतो. आधी एक फोड येतो, तो दुखत नाही आणि आपोआप बरा होतो, त्यामुळे माणूस खूश होऊन विसरून जातो. काही आठवड्यांनी तळहातांवर असे डाग येतात, तेही जातात, पहिल्या वर्षभरात कधी पुन्हाही उमटतात. मग वर्षानुवर्षं हा पाहुणा गुपचूप बसून राहतो. आपल्या पणज्या-खापरपणज्या त्याला गरमी म्हणायच्या आणि त्याला भ्यायच्या. गरोदर बाईला झाला तर तो वारेतून थेट बाळाकडे जातो. यावर औषध जुनंच आहे, पेनिसिलिन, लांब टिकणारं. ते आईच्या दोन्ही कुल्ल्यांत टोचायचं आणि तिच्यातून ते बाळापर्यंत पोचतं. बाकीची नवी, भारीतली औषधं आईला बरं करतील, पण बाळापर्यंत पुरेशी जात नाहीत. आणि हे पेनिसिलिन बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी टोचलं गेलं पाहिजे.

जिल्ह्याच्या रक्तपेढीत तिच्या ओळखीचे एक गृहस्थ होते. त्यांच्याकडून तिनं दुसऱ्याच दिवशी तपासणीचा संच मागवून घेतला. पांढऱ्या कार्डावर रक्तातून वेगळं केलेलं पाणी घ्यायचं, त्यात कोळशाचे बारीक कण असलेला थेंब मिसळायचा, कार्ड आठ मिनिटं फिरवायचं. आजार नसेल तर सगळं एकसारखं राखाडी राहतं, असेल तर कण एकमेकांना धरून काळे पुंजके होतात. ईश्वरीच्या कार्डावर तिसऱ्याच मिनिटाला पुंजके झाले.

"वर्षभरात रक्तदात्यांमध्ये हे दुप्पट झालंय मॅडम," ते गृहस्थ फोनवर म्हणाले.

"मग तुम्ही कळवलं नाहीत?"

"कळवलं की. पण आमचा अहवाल दुसऱ्या खात्याकडे जातो."

त्या संध्याकाळी ती बेलवड्याला गेली. छायाताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"आमच्या पोराचा ठिपका हिरवा. तुमच्याच हातानं बघितलासा न्हवं भर बैठकीत? मग ह्यो रोग आमच्या घरात आला कुठनं?"

"ताई, ठिपका या रोगाचं काही सांगत नाही. अभिराजचं रक्त द्या, पाच मिनिटांचं काम आहे."

"न्हाय द्यायचं. तुमच्या लेकीचं काय ते तुम्ही बघा. शाळंत शिकवायला जाती, कुठं जाती, कुणाबरं बोलती, आम्ही कधी विचारलं न्हाय."

अभिराज दारातच उभा होता. त्यानं सासूकडे पाहिलं नाही, आईकडेही पाहिलं नाही. उज्ज्वलाला वाटलं, याच्या एक कानाखाली द्यावी. ती मुकाट उठून आली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, प्रयोगशाळेत कुणी नसताना, तो मागच्या दारानं आला आणि खुर्चीत बसून त्यानं बाही वर केली.

"माझ्या आईला सांगू नका."

तिनं रक्त घेतलं. कार्ड फिरत असताना तो खालच्या मानेनं बोलत होता. साइटवर राहण्याच्या कंटेनरांपलीकडे एक वस्ती होती. सगळेच जात. लग्नाआधीही आणि नंतरही. गेल्या ऑक्टोबर महिन्यात एक फोड आला होता, उन्हानं आला असेल असं त्याला वाटलं, तीन-चार आठवड्यांत गेला.

"मी निष्काळजी नव्हतो, आई," तो म्हणाला. "मी तिथल्या बाईचा ठिपका बघितला होता. दर वेळी बघायचो. हिरवा होता."

उज्ज्वलाला त्याचा राग यायला हवा होता, आणि तो आलाही. पण ढाब्यावर उभं राहून, माइक हातात धरून, ठिपका हिरवा असेल तर भिऊ नका असं तिनंच शंभरदा सांगितलं होतं. कार्डावर पुंजके झाले होते. तिनं ते त्याच्यासमोर धरलं.

मग औषधाची शोधाशोध सुरू झाली. रुग्णालयाच्या भांडारात पेनिसिलिनची एकही कुपी नव्हती. डॉ. मुजावरांनी जिल्ह्याला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"डॉक्टर, तुमच्या तालुक्याची मागणी शून्य धरलेली आहे," पलीकडून उत्तर आलं. "रुग्णच नाहीत तर औषध कशाला ठेवायचं? आसपासच्या सगळ्याच तालुक्यांचं तसंय. कारखान्यांनीही करणं कमी केलंय. राज्याच्या डेपोला लिहावं लागेल."

"किती दिवस?"

"बघतो. दहा-पंधरा."

डॉ. मुजावरांनी फोन ठेवला आणि ते उज्ज्वलाकडे बघत राहिले. चष्मा काढून त्यांनी तो उगाचच पुसला. "मॅडम, आपणच हे," ते एवढंच म्हणाले.

शून्य कुठे जातं हे उज्ज्वलाला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. तिला वाटत आलं होतं की अहवाल कुठल्यातरी कपाटात पडतो आणि कुणी वाचत नाही. तो वाचला जात होता. यंत्रानं तो इमानदारीत वाचला होता, तिच्या बावीस शून्यांची सरासरी काढली होती आणि पुढच्या वर्षी हिरणगावला किती पेनिसिलिन लागेल ते ठरवलं होतं.

नाक्यावरच्या जनावरांच्या औषधांच्या दुकानात पेनिसिलिन कपाटभर होतं. म्हशीच्या कासदाहाला चालतं म्हणून. तिनं दोन बाटल्या आणून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्या.

"औषध तेच आहे ना सर?"

"तेच असेल. पण त्यात आणखी काय मिसळलंय आणि ते माणसाला कितपत चालेल, हे मला कोण सांगणार? मॅडम, पोटुशी पोरीला मी हे टोचलं आणि तिला काही झालं तर तुम्हीच मला माफ करणार नाही."

त्यांचं बरोबर होतं. तिनं बाटल्या परत पिशवीत घातल्या. इतकी वर्षं नियमानं चालणारी बाई, त्या दिवशी तिला पहिल्यांदा वाटलं, हा माणूस थोडा वाईट असता तर बरं झालं असतं.

ओळखीपाळखीनं, पुण्या-मुंबईत फोन करकरून, रडून-भांडून औषध बाराव्या दिवशी आलं. ईश्वरीला तेहतिसावा आठवडा लागला होता. इंजेक्शन घट्ट असतं, फार दुखतं. ती उशीत तोंड खुपसून पडली आणि उज्ज्वला तिच्या पायांवरून हात फिरवत राहिली. आठवड्यानं दुसरं इंजेक्शन होतं. ते देण्याच्या आदल्या सकाळी ईश्वरी म्हणाली, "आई, काल दुपारपासून ती हललीच नाहीये."

मुलगी होती. दीड किलोची. पूर्ण घडलेली, नखंसुद्धा आली होती. नर्सनं तिला पांढऱ्या कापडात गुंडाळून ईश्वरीच्या हातात दिलं आणि अर्ध्या तासानं परत घेतलं. अभिराज व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला होता. छायाताई आल्या नाहीत. त्यांनी गावात सांगून टाकलं होतं की बाळाच्या गळ्याला नाळ गुंडाळली गेली.

मृत जन्माचा अर्ज भरायचा होता. डॉ. मुजावरांनी तो उज्ज्वलापुढे सरकवला, कारण प्रयोगशाळेचा निष्कर्ष तिच्या सहीनं जायचा.

"कारण अज्ञात लिहिलं तर कुणी विचारणार नाही," ते म्हणाले. "उपदंश लिहिलं तर वरून माणसं येतील. नाव गुप्त राहील म्हणतात, पण या आठवड्यात या रुग्णालयात असं बाळंतपण एकच झालंय. बेलवड्यात चार तासांत कळेल. लेकीला विचारा."

ईश्वरी कुशीवर वळून भिंतीकडे बघत होती. उज्ज्वला पलंगाच्या कडेला बसली. तिनं शब्द जुळवले. खरं कारण लिहिलं तर तपासणी पुन्हा सुरू होईल, औषध ठेवावं लागेल, दुसऱ्या कुणाचं बाळ वाचेल, असं ती म्हणाली.

ईश्वरीनं मान न वळवता विचारलं, "तपासणी बंद झालीय हे तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मी तिसऱ्या महिन्यात तुला विचारलं होतं, काही राहिलंय का म्हणून."

"हो."

"मग?"

"लाज वाटली," उज्ज्वला म्हणाली. "तुझ्या सासूला काय वाटेल, असं वाटलं."

ईश्वरी आता वळली. तिचे डोळे कोरडे होते.

"तेव्हा तुला लोकांची लाज होती. आता तुला लोकांची दया आलीय. मी आपली दोन्ही वेळेला मधेच." ती थांबली, तिला धाप लागली होती. "मला परत त्याच गावात राहायचंय आई. त्याच्याबरोबरच राहायचंय, दुसरं कुठे जाऊ? तू माझ्या पोरीचं नाव त्या रकान्यात घालायचं नाहीस. तुझं रजिस्टर खरं करायला ती जन्माला आली नव्हती."

लेक बोलत होती त्यातला शब्दन् शब्द खरा होता. उज्ज्वला प्रयोगशाळेत आली, दार लावून घेतलं आणि अर्ज पुढे घेऊन बसली. भिंतीपलीकडे बाह्यरुग्ण विभागात गरोदर बायकांचा दिवस होता, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. कुणीतरी कुणाला विचारत होतं, कितवा गं तुला? या बायकांपैकी किती जणींच्या तळहातावर डाग असतील, आणि किती जणींचे येऊन गेले असतील, हे कुणालाच माहीत नव्हतं. ते शोधून काढायचा एकच रस्ता होता आणि तो तिच्या लेकीच्या अंगावरून जात होता.

डॉ. मुजावर आत आले तेव्हा अर्ज भरलेला होता. त्यांनी तो वाचला.

"ईश्वरीला विचारलंत?"

"विचारलं."

"काय म्हणाली?"

"नको म्हणाली."

ते उभेच राहिले. मग त्यांनी खिशातलं पेन काढून तिच्या सहीखाली सही केली.

वरून माणसं आली. मोहिमेच्या जिल्हा अधिकाऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. ते म्हणाले, एका घरगुती प्रकरणावरून तुम्ही अख्ख्या मोहिमेची बदनामी करताय. उज्ज्वलानं त्यांच्यापुढे पट्टी बंद झाल्यापासूनचे सगळे अहवाल ठेवले आणि एकाही महिन्यात एकही तपासणी झालेली नाही हे दाखवलं. तिला कारणे दाखवा नोटीस मिळाली, खोटी माहिती भरल्याबद्दल. ती तिनं मान्य केली. तिची वेतनवाढ रोखली गेली, आणि दोन महिन्यांनी दुहेरी पट्टी नाही पण जुनी कार्डाची तपासणी तालुक्यापुरती सुरू झाली. पहिल्या महिन्यात सहाशे बारा गरोदर बायका तपासल्या. एकेचाळीस जणींच्या कार्डावर पुंजके निघाले. एकेचाळीस ठिपके हिरवे होते.

त्यातल्या एकोणचाळीस जणींना पेनिसिलिन वेळेत मिळालं. पुढे त्यांची बाळं धडधाकट जन्मली, आणि काही जणी प्रयोगशाळेत पेढे घेऊन येत. उज्ज्वला पेढा घ्यायची आणि कपाटात ठेवून द्यायची.

बेलवड्यात चार तासही लागले नाहीत. ईश्वरीला शाळेनं सुट्टीवर पाठवलं. विहिरीवर बायका तिला आधी पाणी भरू देत, म्हणजे ती गेल्यावर आपापले हंडे घासून घ्यायला बरं. उपदंश हंड्यावरून पसरत नाही, हे त्यांना सांगायला कुणी गेलं नाही. अभिराजनं साइटची नोकरी सोडली आणि गावातच पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं. दोघांनी औषधाचा पूर्ण कोर्स केला, तोही शेजारच्या तालुक्यात जाऊन. ईश्वरीनं आईला एकच निरोप पाठवला, फोन करू नकोस. उज्ज्वलानं केला नाही. दोनदा ती बेलवड्याच्या फाट्यापर्यंत एसटीनं गेली, उतरली, आणि समोरून आलेल्या एसटीनं परत आली.

असं सव्वा वर्ष गेलं.

मंगळवारी सगळ्या उपकेंद्रांवरून रक्ताचे नमुने यायचे. त्या मंगळवारी सदतीस नळ्या होत्या. उज्ज्वला एकेक नळी उचलून चिठ्ठी वाचत होती आणि यादीशी ताडून बघत होती. एकोणिसावी नळी तिनं उचलली. ईश्वरी अभिराज जगदाळे, वय सव्वीस, बेलवडे, चौथा महिना.

ती नळी हातात धरून बसली. गार पेटीतून आलेली नळी तिच्या मुठीत कोमट होईपर्यंत बसली. मग उठून तिनं कार्ड घेतलं. आजार पूर्ण बरा झाला की या तपासणीतले पुंजके हळूहळू नाहीसे होतात, कधीकधी थोडे राहतात. पुन्हा लागण झाली असेल तर जोरात दिसतात. कार्ड फिरवायचं यंत्र शेजारीच होतं, पण तिनं ते लावलं नाही. आठ मिनिटं कार्ड हातानं फिरवलं, घड्याळाकडे बघत.

राखाडी. एकसारखं, सपाट, कडेपर्यंत राखाडी. तिनं खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिलं, भिंग घेऊन पाहिलं, दुसरं कार्ड घेऊन पुन्हा सगळं केलं. तेही राखाडी.

तिनं अहवालात नकारात्मक लिहिलं आणि बेलवड्याच्या आशाताईंना फोन लावला. नियमानं नकारात्मक निकाल शुक्रवारच्या यादीतून जायचे.

"आशाताई, एकोणीस नंबरच्या बाईंचा रिपोर्ट चांगला आलाय. त्यांना आजच सांगा. आत्ताच जा. शुक्रवारपर्यंत थांबू नका."

"जाते की लगेच," आशाताई म्हणाल्या. "पर कोण बोललं म्हणून सांगू?"

फोनच्या पलीकडे गावातल्या कोंबड्यांचा, भांड्यांचा आवाज येत होता. उज्ज्वलानं थोडा वेळ तो ऐकला.

"प्रयोगशाळेतून सांगितलंय म्हणा," ती म्हणाली.